न्यूमोनियाच्या उपचारांचा दर्जा सुधारताना रुग्णालयांनी या चुका टाळा

न्यूमोनियासाठी सुधारणा मोहीम सुरू झाली की आधी भिंतीवर प्रोटोकॉलचा कागद लागतो, मग एक फॉर्म वाढतो. काही महिन्यांनी फॉर्म शंभर टक्के भरलेले असतात, पण रुग्णांच्या तब्येतीत आणि मुक्कामात फरक पडलेला नसतो. औषधाची निवड बऱ्याचदा ठीकच असते. घोळ होतो तो काम एका हातातून दुसऱ्या हातात जाताना.

ऑर्डर लिहिली म्हणजे डोस गेला, असं धरणं

केसपेपरवर अँटिबायोटिक सव्वादहाला लिहिलं. रुग्णाला एक्स-रेला नेलं आणि तिथूनच वॉर्डात हलवलं. कॅज्युअल्टीतल्या सिस्टरना वाटलं, वॉर्डात देतील. वॉर्डातल्या सिस्टरना वाटलं, खालून देऊनच पाठवलं असेल. मग इंजेक्शन फार्मसीतून येईपर्यंत अडीच वाजले. ऑडिटमध्ये मात्र सव्वादहा, कारण नोंद ऑर्डरच्या वेळेची घेतली जाते!

रुग्ण दारात आल्यापासून औषध प्रत्यक्ष शिरेत जाईपर्यंतचा वेळ मोजा. नेहमी लागणारी दोन-तीन अँटिबायोटिक्स कॅज्युअल्टीतच ठेवा आणि पहिला डोस तिथेच द्या. एवढ्यानेही बराच वेळ वाचतो.

घड्याळाच्या मागे धावणं

याची उलट बाजूही आहे. अमेरिकेत रुग्णालयांच्या दर्जाचं मोजमाप करताना पहिल्या डोससाठी चार तासांची मर्यादा घातली होती. मर्यादा चुकू नये म्हणून निदान पक्कं होण्याआधीच अँटिबायोटिक दिलं जाऊ लागलं आणि न्यूमोनिया नसलेल्यांनाही ते मिळालं. पुढे मर्यादा सहा तासांवर नेली आणि शेवटी ते मोजमापच वगळलं. म्हणून वेळेसोबत आणखी एक आकडा ठेवा: न्यूमोनिया म्हणून अँटिबायोटिक सुरू केलेल्यांपैकी किती जणांचं निदान नंतर बदललं? शॉकमधल्या, म्हणजे रक्तदाब धोकादायक पातळीला घसरलेल्या रुग्णाचं अर्थातच वेगळं, तिथे तासाभराच्या आत डोस जायलाच हवा.

श्वास न मोजता लिहिणं

कुठल्याही वॉर्डातला चार्ट उघडून बघा. श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत २०, २०, २०. न्यूमोनिया किती गंभीर आहे ते ठरवणाऱ्या कर्ब-६५ या स्कोअरमध्ये पाच गोष्टी बघतात: गोंधळलेली अवस्था, रक्तातलं वाढलेलं युरिया, मिनिटाला ३० किंवा जास्त श्वास, कमी रक्तदाब आणि ६५ किंवा त्याहून जास्त वय. यातला एक आकडाच अंदाजे लिहिला असेल तर त्या स्कोअरला काय अर्थ राहिला? छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजायचं, दुसरा उपाय नाही.

या स्कोअरमध्ये ऑक्सिजन येत नाही, हेही विसरू नका. तरुण रुग्णाचा स्कोअर शून्य येतो आणि ऑक्सिमीटर ८६ दाखवत असतो. अशाला घरी पाठवायचं नसतं. सावळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो, तेव्हा काठावरच्या आकड्यावर फार विसंबू नये.

सुरू केलेलं औषध तसंच चालू ठेवणं

माझ्या मते सर्वात जास्त सुधारणा इथे होऊ शकते आणि सर्वात कमी लक्षही इथेच असतं. दोन दिवसांनी कल्चरचा, म्हणजे नमुन्यात कोणते जंतू वाढले त्याचा रिपोर्ट येतो, फाइलला लागतो आणि औषध तेच राहतं. रुग्ण जेवतोय, ताप उतरलाय, रक्तदाब आणि श्वास स्थिर आहेत, तरी शिरेतून अँटिबायोटिक चालूच. का? तर ते बंद करायचं काम नेमकं कुणाचं, हे ठरलेलंच नाही. ४८ तासांचा आढावा कोण घेणार, त्याचं नाव ठरवा, रविवारी कोण घेणार तेही. राउंडला सिस्टरनी विचारावं, ‘डॉक्टर, गोळी चालेल ना आज?’ तब्येत स्थिर झालेल्या बहुतेकांना एकूण पाच दिवसांचा कोर्स पुरतो. गोळ्या सुरू केल्यावर केवळ लक्ष ठेवायला म्हणून आणखी एक दिवस ठेवून घ्यायची सहसा गरज नसते.

तिसऱ्या दिवशीही उतार नसेल तर हात लगेच वरच्या अँटिबायोटिककडे जातो. थांबा. छातीत पाणी किंवा पू झालाय का? डोस पुरेसा आहे का? हा क्षयरोग तर नाही? फ्लुरोक्विनोलोन गटातल्या अँटिबायोटिक्सनी क्षयरोग तात्पुरता दबतो आणि निदान लांबतं, म्हणून क्षयाची शंका असेल तिथे ती विचार करूनच द्यावीत.

वॉर्डात होणारा न्यूमोनिया न मोजणं

भरती होऊन ४८ तास उलटल्यावर झालेला न्यूमोनिया म्हटलं की सगळ्यांचं लक्ष व्हेंटिलेटरकडे जातं. साध्या वॉर्डातही तो होतो. रोज ब्रशने दात घासणं, बसवून भरवणं, पक्षाघाताच्या रुग्णाला गिळता येतंय का ते तोंडाने काही देण्याआधी तपासणं आणि लवकर चालवणं, या कामांना ना महाग यंत्र लागतं ना नवी इमारत.

तिमाही सरासरीवर समाधान मानणं

लहान रुग्णालयात महिन्याला मृत्यू इतके कमी असतात की त्यांच्या टक्केवारीवरून काहीच ठरवता येत नाही. त्यापेक्षा दर आठवड्याला पाच-दहा केसपेपर काढा, पहिल्या डोसची वेळ आणि ४८ तासांचा आढावा झाला की नाही एवढंच बघा आणि आलेखावर ठिपके टाकत जा. रात्रपाळीचे ठिपके वेगळ्या रंगात टाका, कारण दिवसाच्या चांगल्या आकड्यांत रात्रीचा उशीर दडून जातो.