नवी बाईक घेतली? आधी तारीख बघा, मग किलोमीटर

पहिली सर्व्हिस किती किलोमीटरला, एवढंच नवे मालक लक्षात ठेवतात. मॅन्युअलमध्ये मात्र 'इतके किलोमीटर किंवा इतके दिवस, जे आधी होईल ते' असं लिहिलेलं असतं. मुंबईत बहुधा दिवसच आधी भरतात. दादर ते अंधेरी अंतर जेमतेम पंधरा किलोमीटर, पण सिग्नलला आणि ट्रॅफिकमध्ये इंजिन तासभर तापतं. मीटरवर ते दिसत नाही. त्यामुळे डिलिव्हरीच्या दिवशीच सर्व्हिसच्या तारखा मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये टाका. मोफत सर्व्हिसच्या कूपनलाही मुदत असते. मी एक असंच घालवलंय.

चेनसाठी गॅरेज लागत नाही. साधारण दर 500 किलोमीटरला, आणि पावसाळ्यात जोरदार भिजल्यावर लगेच, ती पुसून ल्युब, म्हणजे चेनचं वंगण, मारा. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. मागचं चाक हाताने फिरवत चेनच्या आतल्या बाजूने स्प्रे करा, दहा-पंधरा मिनिटांनी जास्तीचं फडक्याने टिपा. इंजिन चालू ठेवून चाक फिरवणारे बहाद्दर दिसतात. बोट स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेनच्या दातेरी चक्रात, जायला क्षण पुरतो. डिस्कवर थेंबही उडू देऊ नका, ब्रेक लागणार नाही.

टायरची हवा पंधरवड्याला, टायर थंड असताना. आकडा चेन कव्हरवरच्या किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर असतो. पंपावरच्या पोऱ्याला तोच सांगा, नाहीतर तो सरसकट सगळ्यांना एकच हवा भरतो.

मोठी सर्व्हिस मे अखेरीस उरका. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की गॅरेजबाहेर रांग लागते.