तीन वर्तुळं, सहा बाण आणि माझे दोन अटेम्प्ट

सत्ताविभाजन आणि नियंत्रण-संतुलन, म्हणजे सत्तेच्या तीन शाखा एकमेकींना कशा आवरतात, हा यूपीएससीच्या अभ्यासातला घटक मी एका दुपारी संपवला होता. तोही जेवणानंतर, अभ्यासिकेत निम्मी डोकी टेबलावर टेकलेली असतात त्या वेळी. सोपाच वाटला. वहीच्या पानावर तीन वर्तुळं काढली: कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ. प्रत्येकातून बाकीच्या दोघांकडे एकेक बाण, म्हणजे सहा बाण. प्रत्येक बाणावर दोन-तीन कलमं, वरून पिवळा हायलायटर. पानाचा फोटो ग्रुपवर टाकला, तर तेवीस जणांनी अंगठा दाखवला. पुढे आयोगानेही दाखवला.

यूपीएससीची मुख्य परीक्षा मी दोनदा दिली, मराठी माध्यमातून. सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरात २५० पैकी आधी ७४, मग ८१. यादीत नाव कधीच आलं नाही. नंतर एमपीएससीतून सहायक कक्ष अधिकारी झाले आणि आता मंत्रालयात एका विभागात फाइली हलवते. त्यामुळे हे टॉपरचं मार्गदर्शन समजू नका. जिथे माझा पाय घसरला ती जागा तेवढी दाखवते. विधेयकाचं कायद्यात रूपांतर कसं होतं, धन विधेयक म्हणजे काय, वटहुकूम कोण काढतं, एवढं तुम्हाला येतं असं धरते.

आमच्या अभ्यासिकेत एक दादा होता. दोनदा मुलाखतीपर्यंत जाऊन आलेला, दोन्ही वेळा यादीबाहेर. माझं ठाम मत आहे की असा माणूस टॉपरपेक्षा चांगलं शिकवतो. टॉपरला आपलं काय बरोबर होतं ते नीट माहीत नसतं, या माणसाला आपलं कुठे चुकलं ते रात्री झोपेतही आठवतं. दुसऱ्या निकालानंतर मी त्याला ते पान दाखवलं. त्याने बघितलं आणि विचारलं, "हे कोणत्या देशाचं आहे गं?"

मला वाटलं चेष्टा करतोय.

"मुख्यमंत्री कोणत्या वर्तुळात?"

"कार्यकारी."

"आणि अधिवेशन चालू असताना सभागृहात पहिल्या बाकावर कोण बसतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन वर्षं मी भारताच्या नावाखाली अमेरिकेचं चित्र काढत होते.

हा सापळा नीट समजून घ्या, मी इथे जरा जास्तच वेळ घालवणार आहे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष आणि त्याचे मंत्री काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, सदस्य नसतात. तिथे खरंच वेगवेगळ्या खोल्या आहेत, म्हणून एका खोलीतून दुसरीकडे बाण काढता येतो. राष्ट्राध्यक्षाने विधेयक नाकारलं तर दोन्ही सभागृहांना दोन-तृतीयांश मतांनी त्याचा नकार मोडावा लागतो. आपल्याकडे मंत्री व्हायचं तर सभागृहाचं सदस्य असावंच लागतं. नसेल तर सहा महिन्यांत व्हावं लागतं. म्हणजे कार्यकारी मंडळ कायदेमंडळाच्या पोटातच बसलेलं असतं, तेही बहुमत घेऊन, वर पक्षादेश (मत कसं द्यायचं याचा पक्षाचा हुकूम) हातात धरून. मग 'कायदेमंडळ कार्यकारी मंडळावर नियंत्रण ठेवते' या वाक्याचा अर्थ काय? सत्ताधारी आमदार स्वतःच्याच मुख्यमंत्र्यावर नियंत्रण ठेवतो? १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी, आली. तेव्हापासून पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याची आमदारकी धोक्यात येते. त्यामुळे अविश्वास ठराव हे शस्त्र कागदावर जेवढं धारदार दिसतं तेवढं राहिलेलं नाही.

हे घटनाकारांना कळलं नव्हतं, असं मुळीच नाही. संविधान सभेचे सदस्य के. टी. शहांनी डिसेंबर १९४८ मध्ये तिन्ही शाखा पूर्ण वेगळ्या कराव्यात अशी दुरुस्ती तिथे मांडली होती, ती फेटाळली गेली. त्याआधी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी निवड स्पष्ट केली होती: अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त, संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त, आणि मसुद्याने जबाबदारीला झुकतं माप दिलं आहे. संसदीय पद्धतीत सरकारचा हिशेब रोज घेतला जातो, प्रश्नांतून, ठरावांतून, चर्चांतून. दर काही वर्षांनी मतदार घेतात तो हिशेब वेगळा. हा 'रोजचा हिशेब' माझ्या सहा बाणांत कुठेच नव्हता.

माझी दुसरी घोडचूक याच झाडाची फांदी. दोन्ही वेळा मी लिहून आले की 'कलम ५० नुसार तिन्ही शाखा स्वतंत्र आहेत.' कलम ५० फक्त न्यायव्यवस्था कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी करायला सांगतं, आणि तेही मार्गदर्शक तत्त्वांत. त्यामागे इंग्रजी अमदानीतला जिल्हाधिकारी आहे, पकडणारा तोच आणि शिक्षा देणाराही तोच. कायदेमंडळ आणि मंत्रिमंडळ वेगळं करा असं त्या कलमात एक अक्षर नाही. घाबरू नका, ही चूक निम्मी अभ्यासिका करते. पण आता वाचल्यावर पुन्हा केलीत तर मात्र माफी नाही.

दादाने मला बाण खोडायला लावले नाहीत. प्रत्येक बाणाला तीन प्रश्न विचारायला लावले: हे हत्यार नक्की कोणाच्या हातात आहे? ते चालवायला किती मतं किंवा कोणाची सही लागते? आणि चालल्यावर समोरचा ते उलटवू शकतो का? यात तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. राष्ट्रपती विधेयक परत पाठवू शकतात, हे सगळे लिहितात. संसदेने ते साध्या बहुमताने पुन्हा मंजूर केलं की संमती द्यावीच लागते, हे निम्मे लिहितात. आणि घटनादुरुस्ती विधेयक मुळात परत पाठवताच येत नाही, हे फार थोडे लिहितात. गुण तिथे असतात.

आता एक उदाहरण जवळून बघा. आपल्याच विधानसभेतलं आहे आणि यात तिन्ही प्रश्न येतात. ५ जुलै २०२१ रोजी विधानसभेने गैरवर्तनाच्या कारणावरून १२ आमदारांना एक वर्षासाठी निलंबित केलं. पक्ष कोणता, सत्ता कोणाची, हे क्षणभर बाजूला ठेवा. उत्तरात तर ठेवाच. कलम २१२ म्हणतं की कामकाजाच्या पद्धतीत अनियमितता झाली म्हणून न्यायालय सभागृहाच्या कामात पडणार नाही. मग न्यायालय इथे शिरलं कसं? तर अनियमितता वेगळी आणि मुळातच घटनाबाह्य कृती वेगळी. कलम २१२ ची भिंत पहिल्यापुरतीच आहे. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या अधिवेशनापलीकडचं निलंबन घटनाबाह्य आहे. त्यामागचा हिशेब मला फार आवडतो. परवानगीशिवाय ६० दिवस गैरहजर राहिलेल्या सदस्याची जागा सभागृह रिकामी जाहीर करू शकतं. जागा रिकामी झाली तर सर्वसाधारणपणे सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. पण वर्षभर निलंबित ठेवलं तर जागा भरलेलीही नाही आणि रिकामीही नाही. म्हणजे हे हकालपट्टीहून वाईट, कारण शिक्षा मतदारसंघालाच होते. हे एक प्रकरण नीट समजलं तर 'न्यायालय कायदेमंडळाच्या कामात किती शिरू शकतं' या प्रश्नावर दहा निकालांची नावं फेकायची गरज उरत नाही. (राज्यपालनियुक्त १२ विधानपरिषद सदस्यांचा वाद वेगळा. एका मॉक टेस्टमध्ये मी या दोन बारांची खिचडी केली होती.)

दुसरं उदाहरण वटहुकुमाचं. पुण्याच्या गोखले संस्थेतले प्राध्यापक डॉ. डी. सी. वाधवा बिहारच्या कागदपत्रांत बसले आणि त्यांना दिसलं की १९६७ ते १९८१ या काळात तिथे २५६ वटहुकूम निघाले आणि पुन्हा पुन्हा काढून एक ते चौदा वर्षं जिवंत ठेवले गेले. अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत मरायला हवी ती वस्तू चौदा वर्षं! कार्यकारी मंडळ विधानसभेला वळसा घालून कायदे करत होतं आणि विधानसभा बसल्या जागी गप्प होती, कारण बहुमत त्याच सरकारचं. वाधवा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर १९८६ मध्ये निकाल लागला की असं पुन्हा पुन्हा वटहुकूम काढणं म्हणजे घटनेची फसवणूक. २०१७ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने तेच आणखी पक्कं केलं. यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे: ज्याच्या हातात हत्यार होतं त्याने ते उचललंच नाही, आणि धूळ खाणारी राजपत्रं चाळणाऱ्या एका अभ्यासकाने ती उणीव न्यायालयापर्यंत नेली. हा बाण तुमच्या कुठल्याही आकृतीत बसत नाही.

बाकीचं झटपट. १९५५ चा राम जवाया कपूर खटला वाचाच. शाळेच्या पाठ्यपुस्तकांच्या धंद्यावरून झालेलं भांडण आहे आणि आपल्या घटनेने सत्ताविभाजन कडक स्वरूपात स्वीकारलेलं नाही हे त्यात स्वच्छ सांगितलंय. घटनेची मूलभूत चौकट संसदेलाही मोडता येत नाही असं सांगणारा केशवानंद भारती निकाल, २४ एप्रिल १९७३, १३ न्यायमूर्ती, ७ विरुद्ध ६, हे तुम्हाला पाठ असेलच. वाजपेयी सरकार १७ एप्रिल १९९९ ला २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं, पण तो विश्वासदर्शक ठराव होता, अविश्वासाचा नव्हे. आणि घटनेत 'महाभियोग' फक्त राष्ट्रपतींसाठी आहे. न्यायाधीशांना पदावरून दूर केलं जातं, त्याची प्रक्रिया वेगळी. वर्तमानपत्रं दोन्हीला एकच शब्द वापरतात म्हणून आपण वापरायचा नाही.

शॉर्टकटबद्दल विचाराल, तर एका पानाच्या नोट्स वाईट नसतात. दुसऱ्याने केलेल्या एका पानाच्या नोट्स वाईट असतात. मी ज्या क्लासला पैसे भरले तिथे ही आकृती छापून मिळाली होती, रंगीत. ती बघूनच मी माझी काढली. पैसे गेले त्याचं एवढं वाटत नाही, ते पान मी दोन वर्षं भिंतीवर चिकटवून ठेवलं होतं त्याचं वाटतं. त्यापेक्षा अधिवेशनाच्या काळात रोज प्रश्नोत्तराचा तास ऐका. पहिले चार दिवस कंटाळा येईल, गोंधळ आणि तहकुबीच दिसेल. पाचव्या दिवशी कोण कोणाला कशाने धरतंय ते दिसायला लागतं.

हे मी आता छातीठोक सांगते, कारण नोकरीत मी बाणाच्या टोकाला बसलेय. अधिवेशन जाहीर झालं की आमच्याकडे रजा बंद. एखाद्या तालुक्यातल्या अर्धवट पुलावर तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं) येतो, 'हे खरे आहे काय' अशा भाषेत, एकाखाली एक चार-पाच उपप्रश्न. उत्तरासाठी शब्द मोजकेच: 'होय', 'अंशतः खरे आहे', 'हे खरे नाही' आणि सगळ्यांचा लाडका 'प्रश्न उद्भवत नाही'. नवीन असताना मला वाटलं, ही नुसती शब्दांची कसरत. मग एका रात्री साडेदहाला अशाच एका फाइलवर मी 'हे खरे नाही' लिहून वर पाठवलं. जिल्ह्यातून आलेल्या माहितीत तसंच होतं. आमच्या कक्ष अधिकारी मॅडमनी फाइल परत माझ्या टेबलावर ठेवली.

"मोजमाप पुस्तिकेची, झालेल्या कामाच्या नोंदवहीची, प्रत कुठाय?"

"मागवली नाही मॅडम."

"मंत्री सभागृहात उभे राहिले आणि समोरच्याने खिशातून फोटो काढला तर? पूरक प्रश्नाला काय देणार?"

त्या रात्री जिल्ह्यातल्या उपअभियंत्याला झोपेतून उठवलं. पहाटे व्हॉट्सअ‍ॅपवर पानं आली. काम तीन महिने बंद होतं, आम्हाला पाठवलेल्या टिपणीत ते नव्हतंच. उत्तर 'अंशतः खरे आहे' असं गेलं. सभागृहात मंत्री म्हणाले, चौकशी करून कारवाई करू. एवढं वाक्य उच्चारलं की ते आश्वासन होतं, आणि आश्वासन समितीकडे त्याची नोंद राहते. त्या पुलाबद्दल आम्हाला अजून पत्रं येतात. सरकारकडे भक्कम बहुमत होतं, पक्षादेश होता, अविश्वास ठरावाचा प्रश्नच नव्हता. तरी विरोधी बाकावरच्या एका आमदाराने कागदाच्या एका तुकड्यावर आख्खा विभाग रात्रभर जागवला.

मुख्य परीक्षा देताना हे माहीत असतं तर ८१ चे किती झाले असते, हा हिशेब मी आता करत नाही. कधी कधी करते. दादाला मी त्या फाइलबद्दल फोनवर सांगितलं तेव्हा तो एका तालुक्याच्या ठिकाणी नायब तहसीलदार म्हणून रुजू झाला होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पूल कुठला? माझ्याकडे पण असाच एक आहे, त्याच्यावर कोणी प्रश्न टाकत नाहीये."