गावच्या प्रदर्शनात ‘हायमाट’ दाखवायची तर

एडगर राइट्झ यांची ‘हायमाट’ ही जर्मन मालिका १९८४ ची. ११ भाग, १५ तासांहून जास्त. हुन्सऱ्युक या डोंगराळ मुलखातल्या शाबाख नावाच्या काल्पनिक खेड्याची १९१९ ते १९८२ ही वर्षं त्यात आहेत. वाचनालयात किंवा समाजमंदिरात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवत असाल, तर फक्त पहिला भाग दाखवा, तो सुमारे दोन तासांचा आहे. महायुद्धावरून परतलेला पाउल, लोहाराचं घर, पाउलने स्वतः जोडलेला रेडिओ हे सगळं त्यात येतं. म्हणून पडद्याजवळ ऐरण, भाता, सांडस आणि एखादा व्हॉल्वचा रेडिओ मांडा. भागाचा शेवट मात्र आधी कोणाला सांगू नका.

कापूस वेचणी उरकल्यावरची, जानेवारी-फेब्रुवारीतली रात्र धरा. उन्हाळ्यात टिनाखाली दोन तास बसवत नाही.

विकत घेतलेली डिस्क घरी पाहण्यासाठी असते. चार लोकांत दाखवायला हक्कधारकाची लेखी परवानगी लागते. पत्रात तारीख, जागा, किती माणसं आणि तिकीट आहे की नाही, हे लिहा. डीव्हीडीवरचा प्रदेश-क्रमांकही (रीजन कोड) बघा: युरोपचा २, भारताचा ५. २ ची डिस्क इथल्या प्लेअरवर बहुधा चालत नाही, ० असेल तर चालते. संगणकाच्या ड्राइव्हचा क्रमांक साधारण पाचच वेळा बदलता येतो, त्यामुळे उगाच खेळ करू नका.

सगळ्यात जास्त चुका चित्राच्या आकारात होतात. ही मालिका ४:३ आकाराची आहे, म्हणजे रुंदी ४ तर उंची ३. पडदा रिकामा दिसतो म्हणून चित्र ताणलं की चेहरे फुगतात आणि कॅमेऱ्याचं सगळं काम वाया जातं. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. ८ फूट रुंद, ६ फूट उंच चित्र हवं असेल, तर १६:९ प्रोजेक्टरची पूर्ण चौकट सुमारे १०.७ फूट रुंद होते. त्यामुळे १.५ थ्रोचा (म्हणजे चौकटीच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागणारा) प्रोजेक्टर १६ फुटांवर ठेवावा लागतो. ८ फुटांचा हिशेब धरून १२ फुटांवर ठेवला, तर चित्र ६ फूट रुंदच पडतं. पहिली सतरंजी पडद्यापासून १२ फूट मागे अंथरा.

चित्र मधेच कृष्णधवल, मधेच रंगीत होतं. दिग्दर्शकाने ते तसंच ठेवलं आहे. सुरुवातीलाच सांगून टाका, नाहीतर कोणीतरी उठून वायर हलवतं.

पात्रं हुन्सऱ्युकची बोली बोलतात, तेव्हा चित्राखाली मराठी ओळी (सबटायटल) लागतीलच. एका वेळी दोनच ओळी द्या, ओळीत साधारण ३५ अक्षरं, पडद्यावर निदान दोन सेकंद. ओळींची फाइल यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात जतन करा, नाहीतर प्रश्नचिन्हं किंवा भलतीच अक्षरं दिसतात. चौकोन दिसत असतील किंवा जोडाक्षरं तुटत असतील तर फॉन्ट बदला आणि आदल्या दिवशी पूर्ण भाग चालवून पाहा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी एकाने माइकवर हळू, सपाट आवाजात ओळी वाचाव्यात. अभिनय करू नये, मूळ आवाज ऐकू यायला हवा. ‘हायमाट’ या नावाचा अर्थ एका शब्दात बसवू नका. ‘आपलं गाव, आपली माती’ एवढं सांगितलं तरी पोचतं.

लाईन जाणार हे गृहीत धरा. प्रोजेक्टर ३००, लॅपटॉप ६५, स्पीकर १०० वॉट, म्हणजे दोन तासांत सुमारे ९३० वॉट-तास. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १८०० देते, हाती त्याच्या निम्म्या-पाऊणपट येतात. तेव्हा पंखे त्यावर लावू नका आणि बॅटरी रात्रभर भरा. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर पालटताना प्रोजेक्टर बंद पडतो. दिव्याचा प्रोजेक्टर असा बंद पडला की पंखाही थांबतो, पण दिवा तापलेलाच राहतो. लगेच सुरू करू नका, दहा मिनिटं थांबा.

आवाज घुमत असेल तर मागच्या भिंतीवर सतरंज्या टांगा. स्पीकर पडद्याच्या बाजूला, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा. भाग संपल्यावर प्रोजेक्टरचा पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नका. तेवढ्यात वस्तूंवरचे दिवे लावा, लोक आपसूक रेडिओकडे वळतील.