पोर्टेबल एसीने खोली गार होत नाही? गॅस भरण्याआधी या चुका टाळा

भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडता येत नाही, किंवा सोसायटी इमारतीच्या दर्शनी बाजूस युनिट बसवू देत नाही, तेव्हा पोर्टेबल एसी हा सोयीचा पर्याय ठरतो. मात्र ऐन मे महिन्यात त्याबद्दल एकच तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते : यंत्र चालते, आवाजही करते, पण खोली गार होत नाही. अशा वेळी बहुतेक जण मेकॅनिकला बोलावून गॅस भरून घेण्याच्या तयारीला लागतात. माझे स्पष्ट मत असे आहे की, गॅसची शंका सर्वांत शेवटी घ्यावी. कारण या यंत्राच्या बाबतीत दोष बहुधा हवेच्या वाटेत असतो.

पोर्टेबल एसीमध्ये थंड करणारी आणि उष्णता बाहेर टाकणारी अशा दोन्ही कॉइल एकाच डब्यात असतात. एका पाइपचे यंत्र आपली गरम कॉइल निववण्यासाठी खोलीतलीच हवा ओढते आणि ती तापवून पाइपातून बाहेर फेकते. जेवढी हवा बाहेर जाते तेवढीच दाराखालून, खिडकीच्या फटींतून आणि शेजारच्या खोल्यांतून आत येते. १० बाय १२ फुटांच्या आणि १० फूट उंचीच्या खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा मावते आणि हे यंत्र तासाला त्याच्या कितीतरी पट हवा बाहेर टाकू शकते. म्हणूनच खिडकी अर्धवट उघडी ठेवून तिच्यातून नुसता पाइप बाहेर सोडणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण बाहेर टाकलेली गरम हवा त्याच फटीतून परत येते. खिडकीची फट बंद करण्यासाठी यंत्रासोबत मिळणारी पट्टी आपल्याकडच्या सरकत्या खिडक्यांना नेमकी बसतेच असे नाही. तेव्हा खिडकीच्या मापाचे ॲक्रिलिक किंवा प्लायवूड कापून घ्यावे, त्यात पाइपाच्या मापाचे भोक पाडून घ्यावे आणि कडांना फोमची पट्टी लावावी. हा खर्च थोडा असतो आणि त्याचा परिणाम पहिल्याच दिवशी जाणवतो.

पाइप साधारणपणे दीड मीटरचा असतो. तो लांब करण्यासाठी दुसरा पाइप जोडला, त्याला अनेक वळणे दिली किंवा तो मधेच दबला, तर गरम हवा अडते आणि कॉम्प्रेसर तापून बंद पडू शकतो. पाइपाचे तोंड बाथरूममध्ये, बंद बाल्कनीत किंवा फॉल्स सीलिंगमध्ये सोडणे म्हणजे ती उष्णता घरातच साठवणे होय.

येथे सुरक्षिततेची एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. महाराष्ट्रातल्या अनेक घरांत बाथरूममध्ये गॅस गीझर असतो. एका पाइपचा एसी घरातली हवा बाहेर ओढत असताना गीझरमधून निघणारा धूर बाहेर जाण्याऐवजी घरात खेचला जाऊ शकतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असेल तर त्याला ना रंग असतो ना वास. त्यामुळे एसी सुरू असताना गॅस गीझर लावू नये, हा नियम घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावा.

विदर्भात कूलरची सवय असलेल्या घरांत आणखी एक चूक होते. कूलरला उघडी खिडकी लागते आणि एसीला बंद खोली, म्हणून दोन्ही एकाच खोलीत एकत्र चालवू नयेत. कूलर हवेत जे बाष्प सोडतो तेच काढून टाकण्यात एसीची बरीचशी ताकद खर्च होते.

फिल्टरकडे दुर्लक्ष हे दुसरे मोठे कारण आहे. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी, आणि घर रस्त्यालगत असेल किंवा जवळ बांधकाम चालू असेल तर दर आठवड्याला, फिल्टर कोमट पाण्याने धुवावा व सावलीत पूर्ण वाळवूनच परत बसवावा. बऱ्याच यंत्रांत वर एक आणि खाली एक असे दोन फिल्टर असतात आणि खालचा कोणी काढूनच पाहत नाही. फिल्टर तुंबला की थंड कॉइलवर बर्फ धरतो. हे गॅस कमी झाल्याचेही लक्षण असू शकते, त्यामुळे आधी फिल्टर धुवावा, बर्फ वितळू द्यावा आणि मगच निष्कर्ष काढावा. हवा आत जाते तिथले आणि थंड हवा बाहेर पडते तिथले तापमान साध्या थर्मामीटरने मोजावे. दोहोंत ८ ते १० अंशांचा फरक असेल, तर यंत्र आपले काम करीत आहे आणि दोष खोलीत शोधायला हवा.

गॅस वापरून संपत नाही. फ्रीजप्रमाणेच ही यंत्रणा सीलबंद असते. गळती झाली तरच गॅस कमी होतो, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा निघून जातो. दरवर्षी गॅस भरावा लागतो, असे कोणी सांगितले तर ते मान्य करू नये. शिवाय अलीकडच्या अनेक पोर्टेबल यंत्रांत आर-२९० म्हणजे प्रोपेन हा ज्वलनशील वायू असतो. यंत्राच्या मागच्या माहितीपट्टीवर वायूचे नाव वाचूनच माहितगार मेकॅनिकच्या हाती काम द्यावे.

पाण्याची तक्रार प्रदेशागणिक बदलते. नागपूर-चंद्रपूरच्या कोरड्या मे महिन्यात यंत्रात पाणी जवळजवळ साचत नाही, कारण जमलेले थोडे पाणी गरम कॉइलवर उडवून पाइपावाटे वाफेच्या रूपात बाहेर टाकले जाते. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीच्या दमट हवेत मात्र टाकी भरते आणि यंत्र आपोआप थांबते. हा बिघाड नव्हे. यंत्र बंद करून, प्लग काढून, खालचे बूच उघडावे आणि पाणी पसरट भांड्यात काढावे. कुबट वास येत असेल, तर बंद करण्यापूर्वी अर्धा तास फक्त पंखा चालवून कॉइल वाळू द्यावी.

विजेच्या बाबतीत तडजोड करू नये. एक टनाचे यंत्र एक किलोवॉटहून अधिक वीज घेते, म्हणून ते १६ अँपिअरच्या स्वतंत्र सॉकेटवरच चालवावे. साध्या एक्स्टेंशन बोर्डावर ते लावले तर वायर तापते आणि आगीचा धोका संभवतो. बंद केल्यावर लगेच सुरू करू नये. कॉम्प्रेसरला किमान तीन मिनिटे द्यावीत. घर बदलताना यंत्र आडवे नेले असेल, तर कॉम्प्रेसरमधले तेल खाली उतरावे म्हणून ते एक दिवस उभे ठेवूनच सुरू करावे.

पावसाळ्यात यंत्र ठेवून देताना टाकी पूर्ण रिकामी करावी, काही तास नुसता पंखा चालवावा, फिल्टर धुऊन वाळवून बसवावेत, पाइपाच्या तोंडाला जाळीचे कापड बांधावे आणि सुती आच्छादन घालून यंत्र उभेच ठेवावे. रिमोटमधले सेल काढून ठेवावेत, कारण गळलेल्या सेलमुळे रिमोट निकामी होतो आणि काही यंत्रांत टायमरसारख्या सोयी केवळ रिमोटवरच असतात.