आधी रूळ पुसा, मग इंजिन उघडा

हिवाळा लागला की ठाण्यातली आमची मित्रमंडळी माळ्यावरून मॉडेल रेल्वे खाली काढते. 1853 साली बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ज्या गावात आली, तिथे हा छंद रुजणारच! चहा येतो, गप्पा रंगतात, पण इंजिन वीतभर जाऊन अडखळतं. लगेच मोटर उघडू नका. गाडीला वीज रुळांतून मिळते, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेने रुळांवर काळपट थर चढलेला असतो. वर हिवाळ्यातली धूळ.

वीज बंद करा. धागे न सुटणारं सुती कापड आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओलं करून रुळाचा माथा आणि आतली कड पुसा, कापड काळं व्हायचं थांबेपर्यंत. खिडकी उघडी हवी, जवळपास ज्योत नको. सँडपेपर तर अजिबात नको. त्याने बारीक चरे पडतात आणि मळ पुन्हा लवकर धरतो.

चाकं बरेच जण विसरतात. इंजिन स्पंजवर उलटं ठेवून इअरबडने चाकं पुसा, पण ती बोटाने जोर लावून फिरवू नका, आतले गिअर बिघडतात. पुसलेलं नीट वाळल्यावर इंजिन थोडं चालवा, म्हणजे चाकांची उरलेली बाजू समोर येईल. तीही पुसा.