ईएसपी३२ चं कॅलिब्रेशन आणि गच्चीवरची टाकी

दांडिया बाजारात काकांच्या वाड्याच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीची पातळी सांगणारं ईएसपी३२, म्हणजे वाय-फाय असलेली छोटी चिप, बसवलंय. कोड त्यांच्या ओळखीतल्या एका मुलाने लिहिलेला. बॅटरी जरा उतरली की यंत्र रीस्टार्ट होत बसायचं. "अरे, राउटरच बदलूया का?" काका विचारत होते. म्हटलं, थांबा, आधी लॉग, म्हणजे चिपने स्वतः लिहिलेल्या नोंदी, बघू.

केबल लावल्यावर दिसलं ते असं: आरएफ कॅलिब्रेशन डेटा (रेडिओ नीट जुळवून घेण्यासाठी साठवलेली मापं) लोड झाला नाही, एरर कोड 1101, म्हणून फुल कॅलिब्रेशन. आणि लगेच ब्राउनआउट, म्हणजे व्होल्टेज पडून रीस्टार्ट. नव्या चिपवर पहिल्यांदा 1102 दिसतो, तो मनावर घ्यायचा नाही, डेटा तेव्हा साठवलेलाच नसतो. 1101 म्हणजे मात्र एनव्हीएस (फ्लॅश मेमरीतली ती जागा, जिथे असा डेटा वीज गेली तरी टिकतो) कोडमध्ये सुरूच केलेलं नाही. त्यामुळे चिप दरवेळी नव्याने पूर्ण कॅलिब्रेशन करते. साठवलेला डेटा वापरून होणाऱ्या पार्शल कॅलिब्रेशनपेक्षा त्याला सुमारे 100 मिलिसेकंद जास्त लागतात, आणि थकलेल्या बॅटरीला तेवढा ताणही झेपत नव्हता.

कोडमध्ये वाय-फाय सुरू करण्याआधी एनव्हीएस फ्लॅश इनिटची, म्हणजे एनव्हीएस सुरू करणारी, ओळ घातली. मेन्यूकॉन्फिगमध्ये (प्रोजेक्टच्या सेटिंग्जमध्ये) कॅलिब्रेशन डेटा साठवण्याचा पर्याय चालू आहे ना, तेही पाहिलं, होता. वाय-फायची ट्रान्समिट पॉवर 20 वरून 15 डीबीएमवर आणली, कारण राउटर खालच्याच मजल्यावर आहे. 3.3 व्होल्टच्या पिनेला चिकटून 470 मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही डकवला. सप्लाय किमान 500 मिलिअँपिअरचा हवा, हे लोक फार हलक्यात घेतात.

एक सांभाळा: अपलोड करताना पूर्ण फ्लॅश पुसली, तर साठवलेलं कॅलिब्रेशनही जातं.