जुने ब्रेक पार्ट घेताना या चुका टाळा

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून पिशवी घेऊन पोरं थेट गॅरेजला येतात. "काका, सेम टू सेम आहे, फक्त बसवून द्या." पिशवी उघडली की बऱ्याचदा ती तशीच परत बांधून द्यावी लागते. जुन्या मालाला माझा विरोध नाही. कॅलिपर (पिस्टननं ब्रेक पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणारा भाग), तो धरणारा ब्रॅकेट, मागच्या चाकाचा ड्रम मीही जुने घेतो. पण नजरेच्या अंदाजानं ब्रेकचा पार्ट घ्यायचा नसतो आणि बोल्ट बसला म्हणजे पार्ट लागला असंही नसतं.

डावा कॅलिपर उजवीकडे

या चुकीनं मला सगळ्यात जास्त छळलंय. एका पावसाळ्यात घाटकोपरचा एक मुलगा आला. दोन जुने कॅलिपर आणून त्यानं सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच बसवले होते. पेडल स्पंजसारखं आत जात होतं. तीन वेळा ब्रेकच्या पाइपमधली एअर काढली, दोन डबे ब्रेक ऑइल संपलं, तरी फरक नाही. कुणीतरी मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप) गेल्याचं सांगितलं, म्हणून तोही नवा घेऊन तो आला होता. तशीच गाडी उड्डाणपुलावरून उतरवताना पेडल तळाला टेकलं आणि त्यानं हँडब्रेकवर गाडी थांबवली. सांगताना त्याचे हात थरथरत होते.

मी चाक काढलं आणि आधी कॅलिपरवरचा निपल, म्हणजे एअर काढायचा छोटा स्क्रू, बघितला. तो खाली होता. एअर काढायचा निपल कायम कॅलिपरच्या वरच्या टोकाला हवा, कारण हवा वर चढते. निपल खाली असला की नुसतं ऑइल गळतं आणि हवेचा फुगा वर तसाच अडकून राहतो. बऱ्याच गाड्यांत डावा कॅलिपर उजवीकडे बिनबोभाट बसतो, बोल्ट एका धाग्याचीही तक्रार करत नाही. दोन्हींची अदलाबदल केली, एअर काढली, पेडल दगडासारखं कडक झालं. नवा मास्टर सिलिंडर खोक्यातच राहिला. तेव्हापासून दुकानात कॅलिपर हातात घेतला की तो गाडीवर जसा बसणार तसा उभा धरून मी निपल कुठे येतो ते बघतो. एवढं बघायला किती वेळ लागतो? पण घाईवाल्यांना तेवढाही नसतो.

नुसतं गाडीचं नाव सांगणं

"स्विफ्टची डिस्क द्या" म्हणालात तर दुकानदार स्विफ्टचीच देईल, पण कुठल्या सालची? पेट्रोलची की डिझेलची? एबीएसवाल्या (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या) गाडीची की बिनएबीएसच्या? भारतात सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं एप्रिल 2019 पासून. त्याआधीच्या एकाच मॉडेलमध्ये दोन्ही प्रकार सापडतात. आरसीवरचा उत्पादनाचा महिना आणि साल बघा, नोंदणीची तारीख नव्हे. माझी पद्धत अशी : आधी नव्या पार्टच्या काउंटरवर सतरा अक्षरी चेसिस नंबर दाखवून पार्ट नंबर काढून घ्यायचा, कागदावर लिहायचा आणि मगच जुन्या बाजारात जायचं. काढलेला जुना पार्टही सोबत न्यायचा. फोटो चालत नाही, फोटोत उंची कळत नाही.

डिस्कला चार भोकं आहेत म्हणून खूश होऊ नका. समोरासमोरच्या दोन भोकांचं मध्य ते मध्य अंतर मोजा. स्विफ्टला ते 100 मिलिमीटर आहे, फोर्ड फिगोला 108. टेबलावर शेजारी ठेवल्या तर पटकन फरक दिसतही नाही. मधल्या भोकाचा व्यास आणि टोपीची (मधल्या उंच भागाची) उंचीही जुन्या डिस्कशी ताडून बघा.

जाडी मोजताना बहुतेक जण फसतात. डिस्कच्या कडेला न झिजलेली गंजकी धार राहते. व्हर्निअरचे (जाडी मोजायच्या मापाचे) जबडे त्या धारेवर टेकतात आणि झिजलेली डिस्क जाड दिसते. मी दोन्ही बाजूंना, धारेच्या आत, एकेक रुपयाचं नाणं ठेवून माप घेतो आणि दोन नाण्यांची जाडी वजा करतो. आलेलं माप डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीच्या जवळ गेलं असेल तर ती घेऊ नका. ड्रमवर उलट असतं, तिथे कमाल व्यास लिहिलेला असतो. आणि लेथवर घासून चकाचक केलेल्या डिस्कला भुलू नका, घासल्यानं ती अजून पातळ झालेली असते.

पाण्यात बुडालेल्या गाडीचा माल

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. किती गाड्या बुडाल्या ते मुंबईकरांना सांगायला नको. अजूनही दर पावसाळ्यानंतर तसा माल बाजारात येतो, वरून रंग मारलेला. कॅलिपरच्या पिस्टनवरचा रबरी बूट (आवरण) उचलून आत गंज आहे का बघा. सी-क्लॅम्पनं पिस्टन दाबून बघा, सरळ आत गेला पाहिजे. निपल पान्यानं फिरतो का तेही दुकानातच बघा, नाहीतर तो घरी आल्यावर तुटतो.

बाकीचं थोडक्यात. पॅड, लाइनर (ड्रममधलं घासणारं अस्तर), होज (ब्रेक ऑइलची रबरी नळी) आणि रबर किट जुनं कधीच घेऊ नका, कुणी फुकट दिलं तरी. होजच्या बोल्टचे आटे हातानं तीन-चार फेरे सहज गेले पाहिजेत. 1.0 आणि 1.25 पिच (दोन आट्यांमधलं मिलिमीटरमधलं अंतर) डोळ्यांना सारखेच दिसतात, पान्यानं रेटलात तर कॅलिपर वाया. तांब्याचे वॉशर दरवेळी नवे. ब्रेक ऑइल सीलबंद डब्याचंच, उघडा डबा मुंबईच्या दमट हवेत पाणी शोषतो. एका चाकाला एक आणि दुसऱ्याला दुसऱ्या मापाचा पिस्टन बसवलात तर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढणारच.

बसवून झालं की गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा. नवे पॅड घातल्यावर पिस्टन मागे दाबलेले असतात, पहिला दाब पोकळ जातो. मग इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट दाबून धरा. हळूहळू खाली सरकलं तर गाडी तिथेच उभी ठेवा आणि कुठे गळतंय ते शोधा.